खर्जाचा दम

जुन्या तालमीत शागिर्दाला महिनोन्महिने राग मिळत नसे. पहाटे तानपुरा लावायचा, मंद्र सप्तकातला षड्ज धरायचा आणि श्वास संपेपर्यंत तो हलू द्यायचा नाही. मग पुन्हा श्वास, पुन्हा तोच सा. याला खर्ज भरणं म्हणतात. गळा तयार होतो तो पुढे. आधी कमवायचा तो दम.

या विद्येचं कोल्हापूर हे मोठं ठाणं. 1895च्या सुमारास अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि 1922 मध्ये महाराज निवर्तेपर्यंत इथंच राहिले. तरुणपणी अमलेटा संस्थानात अतिगाण्यानं त्यांचा आवाज बसला होता. पहिल्यासारखा तो परत आला नाही, तेव्हा उरलेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्यानं घडवली. मोकळा आकार, लयीत गुंफलेली अखंड तान आणि श्वास कुठं घेतला ते ऐकणाऱ्याला कळू न देणं, ही तिची ओळख. त्यांचे पुत्र भूर्जी खाँ यांनी ती मल्लिकार्जुन मन्सूर आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना दिली. त्यांच्या या जयपूर-अत्रौली घराण्याचं एवढं वैभव एका गमावलेल्या आवाजातून उभं राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण याच जिल्ह्यात बरंच काही गमावून परतलेली माणसंही राहतात.

शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी पिढ्यानपिढ्या फौजेत पोरं धाडते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शेजारीच, बेळगावला. पेन्शनवर आलेला फौजी साखर कारखान्याच्या गेटवर किंवा बँकेच्या दारात पुन्हा उभा राहतो. त्यातला एखादा फटाक्याच्या आवाजानं दचकतो, रात्री उठून कडी तपासतो आणि बायकोनं विचारलं तर ‘काही नाही, झोप तू’ म्हणतो.

पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’वर, म्हणजे लढाईतल्या आघातानं सैनिकांना होणाऱ्या अशाच त्रासावर, लिहिलं. हेच मायर्स संगीताचेही अभ्यासक होते. टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरची गाणी त्यांनी अभ्यासली होती. 1915च्याच अखेरीस मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकल्या. त्यातून जे घरी आले, त्यांच्या मनाची विचारपूस झाली असेल तर ती ओसरीवरच.

अशा मनाला खर्जाचा काय उपयोग, ते श्वासापासून पाहू. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. ठोके मंदावण्याचं काम व्हेगस नस करते, म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याची खूण मिळते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. इटलीतल्या ल्युचानो बर्नार्डी यांच्या गटानं 2001 मध्ये दाखवलं, की लॅटिन जपमाळ ओढताना काय किंवा योगातला मंत्र म्हणताना काय, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयगती व रक्तदाब एका लयीत चालू लागतात. आता खर्जाचा हिशेब करा. बारा सेकंद सा, तीन सेकंद श्वास: मिनिटाला चारच!

अमेरिकेत एमा सेपाला यांच्या गटानं इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या 21 सैनिकांना घेऊन सुदर्शन क्रिया या श्वसनपद्धतीचा अभ्यास केला. तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी क्रिया शिकली त्यांचा आघातानंतरचा त्रास आणि चिंता कमी झाली, आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता. माणसं थोडी होती, म्हणून त्यावर मोठा इमला बांधू नये. पण दिशा खरी वाटते.

नुसत्या प्राणायामापेक्षा फौजी माणसाला स्वर अधिक जवळचा वाटेल, असं माझं मत आहे. श्वास डळमळला की स्वर लगेच डळमळतो. चूक कानाला कळते, ती कुणाला दाखवून द्यावी लागत नाही. आणि आघाताबद्दल एक शब्दही बोलावा लागत नाही. कवायतीत घडलेल्या माणसाला रोजची ठरलेली वेळ, ठरलेली बैठक नवी नाही. शिवाय गावोगाव भजनी मंडळं आहेत. बुवांनी ओळ म्हणायची, टाळकऱ्यांनी ती उचलायची, या रीतीत दम घ्यायला जागा आपोआप मिळते.

फौजींना खर्ज शिकवताना पथ्यं मात्र पाळायला हवीत. डोळे मिटायची सक्ती नको, काहींना मिटल्यावरच नको ते दिसतं. बसायला दाराकडे तोंड असलेली जागा द्यावी. श्वास कोंडून धरायला किंवा भराभर घ्यायला सुरुवातीला सांगू नये, त्यानं धास्ती वाढू शकते. चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नाहीत. आणि सा ज्याच्या त्याच्या गळ्याला पेलेल तिथंच लावायचा. पहिल्या दिवशी चार सेकंद टिकला तरी चालेल.