स्कॅन केलं, पण ठेवलं कशात?

अ‍ॅडमिशन आणि स्कॉलरशिपच्या दिवसांत ज्युनिअर्सचा मला एक ठरलेला प्रश्न असतो, "दादा, स्कॅन जेपीजीमध्ये सेव्ह करू की पीडीएफमध्ये?" माझ्या मते हा प्रश्नच जरा फसवा आहे. पीडीएफ म्हणजे पाकीट. आत जेपीजी भरलं असेल, तर पाकीट बदलून पत्र काही सुधारत नाही. (नुसतं फाइलचं नाव बदलून शेवटी 'पीडीएफ' लिहिणारे महाभागही आपल्याकडे आहेत, त्यांना दुरूनच नमस्कार!)

आधी थोडं गणित. ए-फोर पान 300 डीपीआयला स्कॅन केलं की 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे एका पानाचे 26 एमबी. ग्रेस्केलमध्ये तेच पान 8.7 एमबी आणि निव्वळ काळं-पांढरं केलं तर जेमतेम 1.1 एमबी. एवढं कोण साठवणार? म्हणून फाइल दाबावी लागते, आणि खरी मेख या दाबण्यात आहे.

जेपीजी बनलं फोटोंसाठी. ते चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील आधी टाकून देतं. चेहऱ्याच्या किंवा आभाळाच्या फोटोत ते कळतही नाही. पण अक्षराची कड म्हणजे नेमका हाच बारीक तपशील! म्हणून अक्षरांभोवती करडी धूळ दिसते, अनुस्वार पुसट होतो. उघडून, क्रॉप करून पुन्हा सेव्ह केलं की आणखी थोडं जातं. पीएनजीमध्ये मात्र एकही ठिपका हरवत नाही. छापील प्रश्नपत्रिकेसाठी तर काळं-पांढरं टिफ, ग्रुप 4 पद्धतीनं दाबलेलं, झकास. ही पद्धत मूळ फॅक्स मशीनची. फाइल लहान होते आणि अक्षर तसंच राहतं. फक्त पेन्सिलच्या नोट्स किंवा ड्रॉइंग शीट त्यात टाकू नका, फिक्या रेघा गायब होतात. तिथे ग्रेस्केल. मार्कशीटवर शिक्का आणि सही असते, ती रंगीतच ठेवावी.

जेपीजी बिघडलं तर निदान डोळ्यांना दिसतं तरी. त्याहून वाईट प्रकार ऑगस्ट 2013 मध्ये उघड झाला. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं एक बांधकामाचा नकाशा स्कॅन केला. मुळात 21.11 आणि 17.42 चौरस मीटर लिहिलेल्या दोन्ही खोल्या स्कॅनमध्ये 14.13 झाल्या! दुसऱ्या एका कागदावर 6 चे 8 झाले. मशीन खुद्द झेरॉक्स कंपनीचं होतं, ज्यांचं नाव आपण कुठल्याही कॉपीला देतो. कारण होतं जेबिग-2 नावाची दाबण्याची पद्धत. तिच्या एका प्रकारात सारखे दिसणारे आकार एकदाच साठवतात आणि बाकी ठिकाणी तोच चिकटवतात. आकडा चुकीचा, पण अगदी स्वच्छ छापल्यासारखा. कंपनीनं नंतर सुधारित सॉफ्टवेअर दिलं. पण विचार करा, मार्कशीटवर असं झालं तर व्हेरिफिकेशनच्या टेबलावर कोण ऐकून घेणार?

म्हणून मी मूळ स्कॅन 300 डीपीआयला, टिफ किंवा पीएनजीमध्ये वेगळा ठेवतो. पोर्टलला अमुक केबीच्या आतली फाइल हवी असली की त्या मूळ फाइलची कॉपी काढून तीच लहान करायची. आधी डीपीआय 200 किंवा 150 वर आणा, चालत असेल तर ग्रेस्केल करा, आणि क्वालिटीच्या बटणाला सगळ्यात शेवटी हात लावा. अपलोड करण्याआधी सीट नंबर आणि मार्क मोठे करून मूळ कागदाशी एकदा ताडून बघा. आणि मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलेलं पान वाटेत पुन्हा दाबलं जातं.