चाळणीतून निसटलेल्यांचा हिशेब

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाळणी-तपासणी म्हणजे रोगनिदान नव्हे. निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांमधून संशयास्पद पेशी असलेल्या वेगळ्या काढायच्या, एवढेच तिचे काम. आयर्लंडमधला हिशेब पाहू. तपासलेल्या १००० स्त्रियांपैकी साधारण २० जणींच्या पेशींत बिघाड असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याच्या जुन्या पद्धतीत त्यांतल्या १५ सापडत, ५ निसटत. (खोटे इशारे बाजूला ठेवले तर ‘निर्दोष’ ठरलेल्या ९८५ जणींत या ५, वर्गात हे गणित जरूर द्यावे.)

काही जणी निसटणारच. म्हणून निसटणे हा आम्ही गुन्हा मानत नाही. ते दडवणे मात्र मानतो. व्हिकी फेलन यांचा २०११चा अहवाल निर्दोष होता. २०१४मध्ये कर्करोग निघाला. जुनी काचपट्टी पुन्हा पाहिली तेव्हा चूक दिसली. २०१६मध्ये कार्यक्रमाने अशा स्त्रियांच्या डॉक्टरांना पत्रे पाठवली, पण सांगायचे की नाही हे त्यांच्यावरच सोडले! फेलन यांना कळले २०१७मध्ये. २०१८च्या न्यायालयीन तडजोडीत त्यांनी मौनाची अट नाकारली, तेव्हा देशाला समजले की अशा २००हून अधिक जणी आहेत आणि बहुतेकींना पत्ताच नाही.

डॉ. गेब्रिएल स्कॅली यांच्या चौकशीने ५० शिफारशी केल्या. २०२०पासून तिथे आधी एचपीव्ही विषाणूची चाचणी होते. २०पैकी १८ सापडतात. उरलेल्या दोघींना पुढे कर्करोग झाला, तर जुन्या तपासणीचा फेरआढावा मागण्याचा हक्क २०२३च्या कायद्याने दिला आहे.