पसंतीक्रम दहा, गाड्या दोन

सकाळचे साडेनऊ. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगरावरचं तालुक्याचं गाव. जूनचा तिसरा आठवडा, आभाळ कोरडं. स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहिलं की डोकं तापतं, बाहेर आलं की तळपाय. चौकशीच्या खिडकीजवळ भिंतीची अरुंद सावली आहे. ती मुलींनी धरली आहे.

गाडी वळणावर दिसते. मुलं तिच्या बाजूनं पळत सुटतात, खिडकीतून दप्तरं आत फेकतात. दप्तर पडलं की जागा धरली. आतले उतरायच्या आधीच दाराशी रेटारेटी. कंडक्टर ओरडतो, "उतरू द्या की रं आधी!" कुणी ऐकत नाही. पास वर धरलेले हात तेवढे दिसतात. बारावीपर्यंत मुलींचा पास फुकट, मुलांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. "म्हणून ताईचा पास कधी चुकत नाय, माझा महिना संपला की मी सायकलीवर," एक नववीतला पोरगा सांगतो. त्याला याचं काही वाटत नाही. सायकलीवर वाटेत विहीर लागते, पोहता येतं.

पलीकडे निळी गाडी उभी आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत फक्त शाळेच्या मुलींसाठी या गाड्या सोडल्या जातात. मागास म्हणून मिळालेली गाडी असली, तरी हिच्यात बसायला जागा मिळते. मुली तिच्यावर खूश आहेत.

स्टँडवरून तहसीलकडे चालत पाच मिनिटं. रस्त्याला दोन्हीकडं झेरॉक्सची दुकानं, फ्लेक्सवर दहावी-बारावीच्या गुणवंतांचे फोटो. सेतूसमोरची रांग कडुनिंबाला वळसा घालून फाटकापर्यंत आलेली. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत टीसी, आधार, रेशनकार्ड आणि आजोबांचा जुना दाखला. तो आजोबांपेक्षा जपून ठेवलेला. आतून बातमी येते, "सर्व्हर डाऊन." कुणी वैतागत नाही. माणसं उकिडवी बसतात. एक म्हातारी पिशवीतून भाकरी काढते.

माझ्यापुढं एक मुलगी आहे. दहावीला ८४ टक्के. नॉन क्रिमीलेअर काढायला आली आहे, तिथूनच पुढं अकरावीचा फॉर्म भरायचा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. फॉर्मची फी १०० रुपये, कॉलेजांचे पसंतीक्रम जास्तीत जास्त १० देता येतात.

"किती भरणार?"

"दोन."

"दहा देता येतात ना?"

"दहा कॉलेजांना गाड्या कुठंयत सर?"

तिला जीवशास्त्र आवडतं. पेशीची आकृती ती न बघता काढते, असं तिची मैत्रीणच मध्ये सांगते. पण सायन्सला प्रॅक्टिकल दुपारनंतर असतं. साडेपाचची गाडी चुकली की मग एकदम मुक्कामी, ती रात्री साडेआठला गावात पोचते. "फाट्यापासून घर रानात. आई नाय म्हणती." आर्ट्सचे तास दुपारी दोनला सुटतात, तीनची गाडी मिळते. म्हणून पहिल्या पसंतीला आर्ट्स, दुसऱ्यालाही आर्ट्सच. हे सगळं ती हिशोब सांगावा तसं सांगते. मुलांना काय आवडतं ते आम्ही पाहुणे विचारतो, इथं विचारतात गाडी कितीची आहे.

मैत्रिणीचं ठरलेलं आहे. तिला लातूरला नीटच्या क्लासला जायचंय. वडील ऊसतोड मुकादमाकडून यंदाची उचल घेतील, त्यातून पहिला हप्ता. "नाय लागला नंबर तर नर्सिंग. पण परत नाय यायचं."

"का?"

"इथं येऊन काय करायचं? सरकी टोकायची?" दोघी हसतात.

मग पहिली, दाखल्याची घडी घालता घालता, सांगते की त्यांच्या वर्गातल्या दोघींनी दहावीचा फॉर्म भरला, परीक्षेला आल्या नाहीत. लग्न झालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं नोंदवलेलं आहे. राज्याचा आकडा २१.९. लग्नाची घाई यासाठीही: ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्याचा अर्धा. रांग दोन पावलं सरकते. आम्हीही सरकतो.

झाडाच्या बुंध्याशी आठवीतला एक मुलगा आजीचा नंबर धरून बसलाय. आई-बाप दिवाळीनंतर कारखान्याला जातात, हा आजीपाशी राहतो. चौथीपर्यंत तोही फडावर जायचा.

"कोपीत राहिलोय मी. थंडी लई असती. वाढ्याच्या मोळ्या विकायचो."

"शाळा आवडते?"

तो विचार करतो. "शाळेत पंखाय."

"आणि शिकवणं?"

"इतिहास बरा शिकवतेत. गणिताचे सर बदलून गेले, नवीन आलेच नाय." थोड्या वेळानं स्वतःहून म्हणतो, "दिवाळीनंतर वर्गात पोरं कमी असतेत. तवा सर नीट लक्ष देतेत." कारखाने पेटले की पट अर्धा होतो. या पोरानं त्यातलंही बरं शोधून ठेवलंय.

दुपारी दोन. सर्व्हर येतो आणि जेवणाची सुट्टी होते.

बाजारपेठेत एका दुकानावर अभ्यासिका आहे. लोखंडी जिना चढताना कठडा हाताला पोळतो. आत पार्टिशनच्या खुराड्यांत बावीस ते सव्वीसची पोरं. खुर्चीचं महिन्याचं भाडं. भिंतीवर जिल्ह्यांचे नकाशे, डब्यांतून आलेल्या कांद्याचा वास. बोलायला बंदी, म्हणून मला जिन्यात आणतात. सगळ्यांचा एकच प्रश्न, भरती कधी निघणार? पोलीस शिपायाला मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. बीएस्सी झालेला एकजण म्हणतो, "शेती करतोच की सर. सकाळी पाणी धरूनच आलोय. पण सांगायचं अभ्यास करतोय म्हणून. शेतकरी म्हणलं की पोरगी देत नाय कुणी."

"शाळेत काय शिकवायला हवं होतं?"

"इंग्रजी," दोघं एकदम. तिसरा म्हणतो, "नाय म्हणायला शिकवायला पायजे होतं. बापानं सांगितलं म्हणून सायन्स घेतलं मी." त्याला गाड्या सोयीच्या होत्या.

ऊन उतरल्यावर शाळेच्या मैदानावर हीच पोरं भेटतात, आता हाफ पँटीत. फक्कीनं आखलेलं वर्तुळ अर्धं पुसलेलं. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत. एकाची बहीण कडेला मोबाइलवर वेळ लावून उभी आहे. चौथी फेरी संपते. पोरगा गुडघ्यांवर हात टेकतो.

"पाच बत्तीस," ती ओरडते.

"खोटं. उशिरा दाबलंस तू."

"मी नाय. तूच तिसऱ्या फेरीला ढिला पडतो."

ती दहावीत आहे. मुलींना ८०० मीटर, तिनं विचारून ठेवलंय. पोहे, दोन उकडलेली अंडी आणि बुटाचा जोड, एवढ्यावर दोघांची वाटाघाट चालू आहे. पाऊस पडला की ही काळी माती बुटाला चिकटते, मैदान महिनाभर बंद. मग पळायचं कुठं, यावर सगळे गोल करून बोलू लागतात. डांबरी रस्त्यानं नडग्या दुखतात. बायपासला ट्रक फार. शेवटी पाझर तलावाच्या बांधावर एकमत होतं, पण तो मोजायला टेप कोण आणणार यावर पुन्हा अडतं.