आशा, आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी, तज्ज्ञ: सरकारी दवाखान्यात नेमकं कोण काय करतं?

31 जानेवारी 2021. पल्स पोलिओ मोहिमेचा दिवस. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी गावात 12 लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने मुलं वाचली.

गावात चूक झाली आणि उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी झाले. या दोन टोकांच्या मध्ये कोण कोण असतं?

गावात कोण?

साधारण 1,000 लोकांमागे एक आशा. ती गावातलीच महिला असते. ती नर्स नाही आणि कायम सरकारी कर्मचारीही नाही, तिला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. तिच्या वर उपकेंद्रातली आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम. लसीकरण आणि गरोदर मातांची तपासणी हे तिचं काम. निकषानुसार 5,000 लोकांमागे, आदिवासी भागात 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र हवं. अनेक उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. ते बीएएमएस डॉक्टर किंवा नर्सिंग शिकलेले असतात आणि त्यांनी सहा महिन्यांचं खास प्रशिक्षण घेतलेलं असतं.

डॉक्टर कुठे भेटतो?

प्राथमिक आरोग्य केंद्रात. इथले वैद्यकीय अधिकारी एमबीबीएस किंवा बीएएमएस असतात. ताप, साधी बाळंतपणं, सर्पदंशाचे प्राथमिक उपचार इथे होतात. सोबत औषधनिर्माता आणि लॅब टेक्निशियन असतात.

आणि तज्ज्ञ?

त्यासाठी घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय असतं. साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसनंतर आणखी तीन वर्षं एमडी किंवा एमएस केलं की डॉक्टर 'तज्ज्ञ' होतो. निकषानुसार इथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हवेत.

खरी अडचण इथेच आहे. केंद्र सरकारच्या 2021-22 च्या आकडेवारीनुसार ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या तुलनेत सुमारे 80 टक्के तज्ज्ञ कमी होते. महाराष्ट्रातली ग्रामीण रुग्णालयं याच गटात येतात.

यात एक जण नसला तरी बाकीच्यांचं काम अडतं. सिझेरियनचंच घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहेत, ऑपरेशन थिएटरही आहे, पण भूल द्यायला कुणी नाही. मग बाळंतिणीला रेफर केलं जातं आणि अ‍ॅम्ब्युलन्स जिल्ह्याच्या रस्त्याला लागते.

म्हणून घरात कुणी गरोदर असेल, तर 'जवळ दवाखाना आहे ना' एवढ्यावर थांबू नका. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे आशाताईंना आधीच विचारून ठेवा. ऐनवेळची धावपळ वाचेल, कदाचित जीवही.