डिकीतला लिटर

गेल्या पाडव्याला आमच्या घरी नवी गाडी आली. पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे निर्मळच्या वाडीतून मोगरा घेऊन दादरच्या फूलबाजारात जायचं होतं. वेताच्या तीन करंड्या, वर ओलं फडकं बांधलेलं. डिकी उघडली. आत सीएनजीची पांढरी टाकी आडवी बसलेली. तिच्यापुढे करंडी टेकवून पाहिली, तर दोन बोटं जागा कमी पडली. करंडी आडवी केली असती तर कळ्या दबल्या असत्या. शेवटी तिन्ही करंड्या मागच्या सीटवर गेल्या आणि वहिनी घरी राहिली.

टाकी असणार हे माहीत होतंच. वसई-विरारमध्ये रोजच्या धावपळीची गाडी घेणारा माणूस सीएनजीचाच विचार आधी करतो. पण शोरूममध्ये सांगितलेला तीनशेवर लिटरचा आकडा पेट्रोलच्या गाडीचा होता, हे त्या पहाटे उमगलं. तेव्हापासून हा लिटर नेमका मोजतात कसा, याच्या मी मागे लागलो.

डिकीत पाणी ओतून कोणी मोजत नाही. जर्मनीतल्या वाहन उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे व्हीडीएने, एक ठोकळा ठरवला: 20 सेंटीमीटर लांब, 10 रुंद, 5 जाड. त्याचं आकारमान बरोबर 1 लिटर. आपल्याकडच्या मॉड्युलर विटेची चुन्या-सिमेंटसकट धरलेली मापं 20, 10 आणि 10 सेंटीमीटर असतात, म्हणजे हा ठोकळा जाडीने अर्धी वीट झाला. असे ठोकळे डिकीत रचत जायचं आणि जितके बसतील तितके लिटर लिहायचे. आयएसओ 3832 या आंतरराष्ट्रीय मानकातही हाच ठोकळा आहे. या पद्धतीची खरी ताकद तिच्या कडकपणात आहे. चाकाच्या फुगवट्याशेजारी चार सेंटीमीटरची फट उरली, तर ती हिशेबात शून्य. पाणी तिथे शिरेल, बॅग शिरणार नाही.

मी आणि मुलीने पुठ्ठ्याचे चाळीस ठोकळे केले आणि अंगणात गाडी उभी करून बसलो. टाकीपुढे तळाच्या थरात चौदा बसले. वर चढत गेलो तशी गंमत कळली. टाकी गोल, ठोकळा चौकोनी. टाकीच्या पोटाखाली आणि खांद्याशी जागा दिसते, हात जातो, पण ठोकळा बसत नाही. टाकी जेवढी असते, त्याहून कितीतरी जास्त डिकी ती खाते.

छापील आकड्यांतही हे दिसतं. टाटाच्या अल्ट्रोझची डिकी 345 लिटरची. 2023 साली तिचं सीएनजी मॉडेल आलं ते दोन लहान टाक्यांचं. एका मोठ्या टाकीऐवजी 30-30 लिटरच्या दोन टाक्या तळाशी आणि वर सपाट फळी. ही रचना मला मनापासून आवडते, कारण सामान ठेवायला निदान सपाट जागा मिळते. तरीही उरलेली डिकी 210 लिटर. 60 लिटरच्या टाक्यांसाठी 135 लिटर गेले. टाकीच्या 60 लिटरमध्ये तिची जाड भिंत, पट्टे, नळ्या आणि आजूबाजूच्या फटी धरलेल्या नसतात.

हा घोळ वसईला नवा नाही. 1554 साली आंतोनियो नुनिश या पोर्तुगीजाने भारतातल्या वजनामापांचं पुस्तक लिहिलं. त्यात वसईच्या मुड्याची नोंद आहे: मुडाभर भात म्हणजे 3 खंडी, आणि तेच भात सडलं की तांदूळ उरतो दीड खंडीच्या थोडा वर. मुडा एकच, पण तुसासकट मोजला की बिनतुसाचा, हे विचारल्याशिवाय व्यवहार होत नसे. आज शोरूममध्ये आपण हा प्रश्न विचारत नाही.

अमेरिकेतलं माप वेगळं. तिथे एसएई जे 1100 हे मानक चालतं आणि आकडा घनफुटात असतो. 1 घनफूट म्हणजे 28.3 लिटर. सेडानच्या बंद डिकीत ठरावीक मापाच्या सूटकेस आणि खोकी भरून बघतात. एसयूव्हीत मात्र मागच्या सीटपासून थेट छतापर्यंतची जागा धरतात. युरोपात साधारणपणे डिकीवरच्या झाकणाच्या फळीपर्यंतच मोजतात. 2019 साली बाजारात आलेल्या पिढीची टोयोटा रॅव्ह-4 घ्या. युरोपात तिची डिकी 580 लिटर आणि अमेरिकेत 37.5 घनफूट, म्हणजे 1060 लिटरच्या आसपास. न्यू जर्सीतला भाचा आणि जर्मनीतली पुतणी एकाच गाडीबद्दल फोनवर बोलले, तर दोघांपैकी एक थापा मारतोय असं वाटेल. दोघांचंही खरं असतं. जपानी कंपन्या तर डिकीत गोल्फच्या किती बॅगा मावतात तेही सांगतात.

आपल्याकडे डिकीवर कराचीही कात्री चालली. 2006 च्या अर्थसंकल्पात 4 मीटरपर्यंत लांबीच्या लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 वर आलं. 2008 ची स्विफ्ट डिझायर 4.16 मीटरची होती, डिकी 440 लिटर. 2012 ची डिझायर 3.995 मीटरमध्ये बसवली आणि डिकी 316 वर आली. लांबी वीतभर घटली, तर डिकीतले 124 लिटर गेले. पुढे 2017 मध्ये ती 378 झाली. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला, तरी लहान गाडीसाठी 4 मीटरची रेघ तिथेच आहे: अटीत बसली तर 18 टक्के, नाहीतर मोठ्या गाडीचे 40.

आपल्या माहितीपत्रकांत लिटर ठळक छापतात, पण ते फळीपर्यंतचे की छतापर्यंतचे, हे क्वचितच लिहितात. माझ्या मते प्रत्येक इंधनाच्या मॉडेलचा आकडा वेगळा आणि पद्धतीच्या नावासकट छापणं सक्तीचं हवं. तोवर यंदा पाडव्याला बुकिंग करणार असाल, तर घरातली सर्वांत मोठी बॅग किंवा वाडीतली रिकामी करंडी बरोबर न्या, जी गाडी घेणार त्याच मॉडेलची डिकी उघडायला सांगा आणि करंडी आत ठेवून झाकण लावून बघा.