पायाची नखं पिवळी पडली? वुजूनंतर पाय कोरडे करा

गेल्या पावसाळ्यात आमच्या अब्बांच्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालं. वय झालंय, असं म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. ते ब्लेडने नख खरवडत राहिले, जखम झाली आणि तपासणीत शुगर खूप वाढलेली निघाली. अल्हम्दुलिल्लाह, पाय वाचला. हीच चूक दुसऱ्या घरात होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

रंग काय सांगतो?

पिवळं-पांढरं, जाड आणि भुगा पडणारं नख बहुतेक वेळा बुरशीमुळे, म्हणजे फंगसमुळे होतं. ठेच लागून नख निळं-काळं झालं तर खाली रक्त साकळलेलं असतं. सतत नेलपॉलिश लावल्यानेही पिवळसर डाग पडतात.

बुरशीला ओल आणि बंद जागा आवडते. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये भिजलेले बूट, इगतपुरीकडे भातलावणीचा चिखल, हे सगळं तिला पोषकच. वुजूने हा आजार होत नाही. ओल्या पायांवर लगेच मोजे चढवल्याने तो वाढतो. बोटांमध्ये खिलाल करणं सुन्नत आहेच, त्यानंतर कोरड्या कापडाने बोटांच्या फटीही पुसा.

घरी काय करावं?

- सुती मोजे रोज बदला, बूट उन्हात वाळवा.
- नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. चाळीस दिवसांपेक्षा जास्त नखं वाढू देऊ नयेत, असं हदीसमध्ये आलंच आहे.
- आजारी नखासाठी नेलकटर वेगळं ठेवा. टॉवेल, चप्पल एकमेकांची वापरू नका.
- लिंबू, सोडा, ब्लीच नखावर चोळू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचं मलम आणू नका, त्याने बुरशी वाढते.

डॉक्टरकडे कधी?

शुगर असेल, सूज, पू किंवा दुखणं असेल, किंवा ठेच न लागता नखात काळी रेघ येऊन रुंद होत असेल, तर थांबू नका. डॉक्टर नखाचा तुकडा तपासून औषध देतात. गोळ्या साधारण तीन महिने चालतात, त्याआधी लिव्हरची तपासणी करतात. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला 12 ते 18 महिने लागतात, म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नका.

आज इशाच्या नमाजनंतर घरातल्या बुजुर्गांचे पाय एकदा उजेडात बघा.