भेडीच्या बांधावर

कोलकात्यात डमडम कँटोनमेंटजवळच्या गोराबाजारात सकाळचे सहा वाजलेत. मासळीबाजाराची फरशी ओलीचिंब आहे आणि अॅल्युमिनियमच्या रुंद भांड्यांत रुई, म्हणजे रोहू मासे, अजून जिवंत आहेत. विक्रेता गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तळहातानं पाणी थापटत राहतो, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. हात थांबला की मासे तोंडं वर काढून आ करतात. माझी भाची त्याच्यासमोर उकिडवी बसली आहे, गुडघ्यावर वही. ‘‘दादा, ए माछ कोन भेडीर?’’ मासा कोणत्या भेडीचा, एवढं विचारण्यापुरतं बंगाली तिनं आल्याबरोबर शिकून घेतलंय. भेडी म्हणजे बांध घालून अडवलेलं उथळ मत्स्यतळं. तो नाव सांगतो, आणि शेजारच्या ओट्यावरचा बर्फातला मासा आंध्रातून आलाय, हेही न विचारता सांगतो. ती दोन्ही लिहून घेते.

ती भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. नागपुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केली, नेट दिली, जेआरएफ मिळवली. म्हणजे महिना ३७ हजारांची शिष्यवृत्ती हाताशी आहे. आता मार्गदर्शक आणि विषय नक्की व्हायचाय. पुढच्या आठवड्यात इथल्या विद्यापीठात पीएच.डी.ची मुलाखत आहे, म्हणून गीतांजली एक्स्प्रेसनं माझ्याकडे आली आहे. माझा भाऊ रोज रात्री फोन करतो आणि एकच विचारतो, ‘‘ताई, पाण्यावर डॉक्टरेट करून पोरीला पुढं काय?’’ मी त्याला पाणथळ प्राधिकरणं, जैवविविधता मंडळं, मत्स्य विभाग, स्वयंसेवी संस्था अशी नावं मोजून दाखवते. त्याचं समाधान होत नाही. आज मीही तिच्याबरोबर निघाले आहे.

नागेरबाजारच्या दिशेनं जाताना बागजोला खाल, म्हणजे कालवा, आडवा येतो. पाणी काळं, वर प्लॅस्टिक, काठाला घरं टेकलेली. डमडममध्ये एके काळी गल्लोगल्ली पुकुर होते. पाच काठा किंवा त्याहून मोठं तळं बुजवायला बंगालमध्ये १९९३ पासून कायद्यानं बंदी आहे, तरी अनेक तळ्यांच्या जागी आता इमारती उभ्या दिसतात. पावसाळ्यात याच गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचतं. ‘‘आत्या, पाण्याला उतार पूर्वेकडे आहे,’’ ती बोटानं दाखवते. गंगेचा काठ उंच आणि शहर पूर्वेला उतरत गेलेलं. त्यामुळे कोलकात्याचं सांडपाणी नदीकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतं. आम्हीही तिकडेच निघालो आहोत, उल्टाडांगा ओलांडून बायपासनं चिंगडीघाट्याच्या पुढे.

बस सोडून थोडं आत चाललं की शहर मागे पडतं. डावीकडची भेडी भरलेली आहे, हिरव्या पाण्याची. उजवीकडची कोरडी, भेगाळलेली. हिवाळ्यात भेडी उपसून तळ उन्हात तापवतात, गाळ काढतात, बांध दुरुस्त करतात. मग कालव्याचं दार उघडून सांडपाणी आत घेतात आणि काही आठवडे नुसतं ऊन खाऊ देतात. पाणी उथळ असल्यानं ऊन तळापर्यंत पोचतं. जिवाणू मैला फोडतात, शेवाळ त्यातली पोषकद्रव्यं घेतं आणि दिवसभर प्राणवायू सोडतं, मासे ते शेवाळ खातात. काठानं बांबूच्या आधारानं जलपर्णीची पट्टी राखलेली आहे. ती लाटांपासून बांध वाचवते आणि पाण्यातले काही जड धातू शोषून घेते. जी वनस्पती आपल्याकडे नद्यांचा गळा आवळते, तिला इथे कामाला लावलंय. शहरातून रोज सुमारे ७५ कोटी लिटर सांडपाणी पूर्वेला येतं, आणि या पाणथळांतून वर्षाला दहा हजार टनांहून अधिक मासा शहराच्या ताटात परत जातो. भाजीचे मळे आणि भातशेती वेगळीच.

बांधावर एक वयस्क कामगार बसलेले आहेत. भाची त्यांना काका म्हणते. ती पिशवीतून पाण्याची पारदर्शकता मोजायची काळी-पांढरी सेक्की चकती काढते आणि दोरीनं पाण्यात सोडते. काका बघत राहतात, मग लुंगी आवरून काठाला वाकतात आणि बोटं ताठ ठेवून हात सरळ पाण्यात घालतात. मनगट जातं, निम्मा हात जातो, कोपर पाण्याला टेकायच्या बेतात येतं तेव्हा तळवा दिसेनासा होतो. ‘‘जल ठीक आछे,’’ ते म्हणतात. मनगटाशीच तळवा हरवला तर पाणी जड झालं, सांडपाण्याचं दार बंद करायचं. कोपर बुडूनही तळवा दिसत राहिला तर पाणी उपाशी आहे, दार उघडायचं. भाची दोरीवरची खूण वाचते. चकतीही जवळपास तेवढ्याच खोलीवर दिसेनाशी झाली आहे. ती काकांच्या हाताकडे बघते, दोरीकडे बघते आणि दोन्ही मापं शेजारी शेजारी मांडते.

मला या क्षणी ध्रुवज्योती घोष आठवतात. ते राज्य सरकारातले स्थापत्य अभियंते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या सांडपाण्याचं पुढे काय होतं, हे शोधत ते नाल्यांच्या काठानं पूर्वेला आले आणि इथल्या मच्छीमारांकडे शिकू लागले. अभियंता असूनही त्यांनी डॉक्टरेट परिस्थितिकीत केली, कलकत्ता विद्यापीठातून. जे भेडीवाल्यांच्या हातांत होतं ते त्यांनी नकाशावर आणि कागदावर आणलं. त्याचा उपयोग किती मोठा झाला! भराव घालून इथे बांधकामं करायचा घाट घातला गेला, तेव्हा ‘पब्लिक’ ही नागरिकांची संस्था न्यायालयात गेली आणि १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं पाणथळ बुजवायला मनाई केली. २००२ मध्ये १२,५०० हेक्टर क्षेत्र आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत आलं, २००६ मध्ये राज्यानं स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ मध्ये गेले. काकांच्या हाताला न्यायालयात साक्ष देता येत नाही. त्यासाठी मोजणी लागते, नकाशा लागतो, प्रबंध लागतो. उच्च शिक्षणाची खरी गरज इथे आहे, आणि माझ्या भावाला मी आजवर हेच नीट सांगू शकले नव्हते.

धोका टळलेला नाही. कालव्यांत गाळ भरतोय, सांडपाणी पुरेसं पोचत नाही अशी भेडीवाल्यांची तक्रार आहे, आणि क्षितिजावरच्या इमारती कुठेही मान वळवली तरी दिसतात. काका आपल्या मुलाबद्दल बोलतात. तो सेक्टर फाइव्हच्या आयटी वसाहतीत सुरक्षारक्षक आहे, भेडीत उतरत नाही. भाची लिहायची थांबते. ‘‘आत्या, आपल्याकडे ढिवर मच्छीमारांचंही असंच झालंय ना?’’

झालंय. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव १९५० नंतर सरकारकडे गेले, गाळानं उथळ झाले, बेशरम या तणानं भरले. कुठे मरळ राहते, कोणती पाणवनस्पती माशांना अंड्यांसाठी लागते, हे ढिवरांना ठाऊक होतं. त्यांना विचारलं फार थोड्यांनी. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेनं ते विचारलं, ढिवरांना बरोबर घेऊन बेशरम उपटली, देशी वनस्पती परत लावल्या आणि तलावांत मासा वाढू लागला. भाचीला हेच दोन्हीकडचं शेजारी ठेवून अभ्यासायचंय: कोलकात्याची भेडी आणि साकोलीचा तलाव. एकीकडे सांडपाणी, दुसरीकडे पावसाचं पाणी. पण दोन्हीकडे पाणी राखणारा माणूसच आधी दुर्लक्षिला गेलेला.

काका तिला विचारतात, ‘‘एवढं लिहून आमचं काय होणार?’’

ती घाईनं उत्तर देत नाही. मग माझ्याकडून हिंदी शब्द घेत घेत सांगते की लिहिलेलं आधी इथे येऊन वाचून दाखवीन, चुकलं असेल तिथे तुम्ही दुरुस्त करा, आणि छापताना तुमचं माप तुमच्या नावावर राहील. काका मान हलवतात. कोरड्या भेडीत पाणी कधी सोडणार तो वार सांगतात, पहाटे ये म्हणतात, आणि रबरी बूट आण, तळाचा गाळ पाय धरतो, असं बजावतात.

ती वार लिहून घेते. मुलाखतीनंतरचा दुसराच दिवस आहे तो. निकाल काहीही लागो, त्या पहाटे ती इथे असणार, हे मी आज रात्री माझ्या भावाला सांगणार आहे. आणि पोरीनं निवडलेलं काम आपल्या तलावांना हवं आहे, हेही.